वाडग्यातला ड्रॅक्युला: अमेरिकेच्या मॉन्स्टर सीरियलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेहून आलेल्या नातेवाइकाची बॅग उघडली की बदाम आणि चॉकलेटांच्या खाली कधीतरी एक तपकिरी खोकं निघतं. त्यावर डगला घातलेला, लांब नाकाचा एक इसम दात काढून हसत असतो. "हे काय ध्यान आणलंस?" असं आजी विचारते, आणि पुढचे प्रश्न सुरू होतात. त्यातले नेहमीचे इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथं सांगण्यासारखं खूप आहे.

मॉन्स्टर सीरियल म्हणजे नेमकं काय?

मिनेसोटातल्या मिनिॲपोलिसची जनरल मिल्स ही कंपनी मुलांसाठी जे गोड सीरियल, म्हणजे नाश्त्याला दुधात घालून खायचे कुरकुरीत तुकडे, विकते, त्यातलं हे एक कुटुंब. १९७१ साली दोघं एकदम बाजारात आले. काउंट चॉक्युला हा चॉकलेटच्या चवीचा, तर फ्रँकन बेरी स्ट्रॉबेरीचा. १९७३ मध्ये ब्लूबेरीच्या चवीचं निळं भूत आलं, बू बेरी. गाजलं ते हे त्रिकूट. बाकीचे येत-जात राहिले, त्यांच्याबद्दल पुढे.

नावांतली कोटी मराठीत उतरत नाही. 'काउंट' म्हणजे उमराव, आणि ड्रॅक्युला हा ट्रान्सिल्व्हेनियाचा उमराव. त्याच्या नावात चॉकलेट कालवलं की चॉक्युला. फ्रँकनस्टाइनमध्ये बेरी घातली की फ्रँकन बेरी. 'बू' म्हणजे आपलं 'भॉक'. ही पात्रं रचणारी जाहिरातलेखिका लॉरा लेव्हिन पुढे विनोदी रहस्यकथा लिहू लागली. ते वाचून मला अजिबात नवल वाटलं नाही.

खोक्यात असतं काय?

मक्याच्या पिठाचे साखरेत घोळवलेले कुरकुरीत तुकडे, आणि त्यांत मिसळलेले सुक्या मार्शमॅलोचे (साखरेच्या मऊ, फुगीर मिठाईचे) रंगीत बारीक आकार. या आकारांना धंद्यात 'मार्बिट' म्हणतात. ही युक्ती मॉन्स्टरांच्या आधीची आहे. १९६३ मध्ये जनरल मिल्सच्या जॉन होलाहान यांनी 'सर्कस पीनट' नावाची मऊ गोळी चिरून कंपनीच्याच चीरिओज या सीरियलमध्ये टाकून पाहिली. त्यातून पुढच्या वर्षी लकी चार्म्स निघालं. चॉक्युला आणि मंडळींनी तीच युक्ती उचलली, फक्त वेष्टनावर भूत आलं.

नाश्त्याला भुतं? कुणाच्या डोक्यातून निघालं हे?

आपल्याला विचित्र वाटतं, कारण आपण भुताला अमावास्येशी जोडतो. १९७१ च्या अमेरिकन मुलाने मात्र ही भुतं दिवाणखान्यातल्या टीव्हीवर, बिस्किटं खात पाहिली होती.

त्याआधीची चाळीस वर्षं पाहिली की गोष्ट उलगडते. १९३१ मध्ये युनिव्हर्सल स्टुडिओने एकाच वर्षात 'ड्रॅक्युला' आणि 'फ्रँकनस्टाइन' काढले. १९३२ मध्ये ममी आली, १९४१ मध्ये लांडगामाणूस. थिएटरात लोक खरोखर घाबरत. मग हे चित्रपट जुने झाले, डब्यात पडून राहिले. १९५७ मध्ये त्यातल्या ५२ चित्रपटांची एक मोट बांधून ती 'शॉक थिएटर' या नावाने टीव्ही केंद्रांना विकली गेली. गावोगावच्या केंद्रांनी रात्री उशिरा, कुणातरी विदूषकी निवेदकाला भुताचा वेष चढवून, ती दाखवायला सुरुवात केली. ज्यांनी घाबरायचं ती पोरं खदखदा हसू लागली.

तिथून गाडी उताराला लागली. १९५८ मध्ये खास मॉन्स्टरांचं मासिक निघालं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला गोंदाने जोडायचे प्लास्टिकचे ड्रॅक्युला दुकानात आले. १९६२ च्या ऑक्टोबरात 'मॉन्स्टर मॅश' हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. १९६४ मध्ये 'द मन्स्टर्स' या मालिकेत फ्रँकनस्टाइनच्या तोंडवळ्याचा बाप रोज डबा घेऊन कामावर जाऊ लागला. भुताने संसार थाटला म्हटल्यावर तो सकाळी जेवणाच्या टेबलाशी येणारच. सीरियलवाल्यांनी भुताला माणसाळवलं नाही. ते काम आधीच झालं होतं, यांनी फक्त खुर्ची ओढून दिली.

चॉक्युला म्हणजे ड्रॅक्युलाच ना?

हो आणि नाही. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीतला ड्रॅक्युला पांढऱ्या मिशांचा म्हातारा आहे. ताजं रक्त मिळालं की तो तरुण होत जातो. तुळतुळीत चेहरा, मागे चापून बसवलेले केस, सूट आणि त्यावर डगला हे रंगभूमीचं आणि बेला लुगोसीचं देणं. लुगोसी आधी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर ही भूमिका करायचा, मग १९३१ मध्ये पडद्यावर आला. तो जन्माने हंगेरियन, त्यामुळे इंग्रजी शब्द सावकाश, एकेक अक्षर दाबून म्हणायचा. आज जगभर कुणीही व्हॅम्पायरची, म्हणजे रक्त पिणाऱ्या भुताची, नक्कल करताना जो सूर लावतो, तो पुस्तकातला नाही. तो या माणसाच्या परक्या इंग्रजीचा सूर आहे. चॉक्युलानेही तोच लावला. त्याच्या पाठोपाठ १९७२ मध्ये 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमात आकडे मोजणारा काउंट आला, त्यानेही.

थोडक्यात, खोक्यावरचा ड्रॅक्युला ही चित्रपटातल्या नटाची नक्कल आहे, आणि तो नट रंगभूमीवरच्या ड्रॅक्युलाची. स्टोकरपासून मोजलं तर नाश्त्यापर्यंत येताना रक्ताचं चॉकलेट व्हायला फार पायऱ्या लागल्या नाहीत.

बाकीच्यांचे आवाज कुणाचे?

चॉक्युलाला आवाज दिला जेम्स ड्यूकस यांनी, लुगोसीच्या ढंगात. फ्रँकन बेरीला बॉब मॅकफॅडन यांनी, १९३१ च्या 'फ्रँकनस्टाइन'मध्ये राक्षस झालेल्या बोरिस कार्लॉफच्या ढंगात. बू बेरीचा आवाज पॉल फ्रीस यांचा. तो दमलेला, नाकातून येणारा सूर त्यांनी पीटर लोरी या नटाकडून घेतला. लोरी तसा युनिव्हर्सलच्या भुतांपैकी नव्हे, पण त्याचा आवाज ऐकला की अंगावर काटा यायचा, आणि हे भूत तर झोपाळू. जोडी जमली.

तिन्ही मूळ नटांपैकी कुणालाही आपल्या नावाचं हे कौतुक चाखता आलं नाही. लुगोसी १९५६ मध्ये गेला, त्याला डगल्यासकट पुरलं. लोरी १९६४ मध्ये, कार्लॉफ १९६९ मध्ये. जाहिराती सुरू झाल्या तेव्हा तिघंही खरोखरच भुतं होती.

पॉल फ्रीस यांचा आवाज तुमच्या स्वयंपाकघराच्या जवळून गेला आहे. पिल्सबरीचा तो गुबगुबीत, पोटात बोट खुपसलं की खिदळणारा पिठाचा बाहुला १९६५ मध्ये आला. त्याचा पहिला आवाज फ्रीस यांचाच. पुढे पिल्सबरी जनरल मिल्सकडे गेली. आट्याच्या पिशवीवरचा बाहुला आणि बू बेरी हे त्या अर्थाने चुलतभाऊ.

मेलेल्या नटाची नक्कल करायला परवानगी लागत नाही का?

याच काळात कॅलिफोर्नियात एक खटला चालू होता, सीरियलशी संबंध नसलेला. ड्रॅक्युलाच्या रूपातला लुगोसीचा चेहरा खेळणी आणि मुखवट्यांसाठी वापरू देण्याचे करार युनिव्हर्सल करत असे. त्याविरुद्ध त्याची पत्नी आणि मुलगा कोर्टात गेले. खालच्या कोर्टाने वारसांच्या बाजूने कौल दिला. पण १९७९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. स्वतःच्या चेहऱ्याचा हा हक्क माणसाबरोबरच संपतो, वारसाला जात नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. नंतर कॅलिफोर्नियाने कायदा करून तो हक्क वारसांना दिला, पण लुगोसीचं घर तोवर हरलेलं होतं.

फ्रँकनस्टाइन हे राक्षसाचं नाव की डॉक्टरचं?

डॉक्टरचं. खरं तर तो डॉक्टरही नव्हे, मेरी शेलीच्या १८१८ च्या कादंबरीत तो विद्यार्थी आहे. त्याने घडवलेल्या प्राण्याला नावच नाही. तो वाचतो, युक्तिवाद करतो, रडतो. चपटं डोकं आणि मानेतून निघालेले खुंट हे मेकअपमन जॅक पिअर्स यांच्या हातचं. चित्रपट कृष्णधवल, त्यामुळे कार्लॉफच्या रंगाचा प्रश्न नव्हता. हिरवा रंग लोकांच्या मनात नंतर बसला. सीरियलवाल्यांनी तो सरळ गुलाबी केला.

आपल्याकडच्या अग्रलेखांत जिथे 'भस्मासुर' येतो, तिथे इंग्रजी अग्रलेखात फ्रँकनस्टाइन येतो. पण भस्मासुराला वर मिळाला होता, आणि तो उलटला. शेलीच्या त्या बिचाऱ्याला जन्मदात्याने पहिल्याच रात्री टाकलं. दोघांना एका मापात मोजणं मला नेहमी खटकतं.

कार्लॉफचं नगरशी नातं आहे म्हणतात, ते खरं का?

खरं. आणि माझ्या मते या पानावरची सर्वात मजेदार गोष्ट हीच.

बोरिस कार्लॉफ हे रंगभूमीवरचं नाव. मूळचा तो विल्यम हेन्री प्रॅट, जन्म लंडनचा, १८८७. त्याच्या आईची आई एलायझा एडवर्ड्स, आणि तिची धाकटी बहीण ॲना. ही ॲना १८३१ मध्ये अहमदनगरला (आता अहिल्यानगर) जन्मली. बाप ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला सार्जंट, तो तिच्या जन्माआधीच वारलेला. आईच्या बाजूने बहुधा भारतीय रक्त. हीच पुढे ॲना लिओनोवेन्स म्हणून गाजली, सयामच्या राजा मोंगकुटच्या दरबारात मुलांना शिकवणारी बाई. जिच्यावर ब्रॉडवेचं संगीत नाटक निघालं, ती. आपण वेल्समध्ये चांगल्या घरात जन्मलो, असं ती आयुष्यभर सांगत राहिली. छावणीतलं मिश्र रक्ताचं बालपण तेव्हा लपवण्यातच शहाणपण होतं.

नातवंडाच्या पिढीत कार्लॉफ. वडीलही हिंदुस्थानातल्या मिठाच्या खात्यातले अधिकारी. त्याच्या सावळेपणाची चर्चा होई. तोही आपल्या वंशाबद्दल फारसं बोलत नसे, आणि रशियन वाटणारं नाव घेऊन वावरला. जगाने ज्याचा चेहरा हिरव्या रंगात, मग गुलाबी रंगात रंगवला, त्याचा स्वतःचा रंग हा त्या घराण्याचा जपलेला विषय होता. नगरच्या लष्करी छावणीतून निघालेली ही रेघ स्ट्रॉबेरीच्या वाडग्यापर्यंत जाते.

व्हॅम्पायर म्हणजे आपला वेताळ का?

नाही. वेताळ रक्त पीत नाही. तो प्रेतात शिरतो, गोष्ट सांगतो आणि राजाला पेचात टाकतो. गोव्यात आणि कोकणात तर तो ग्रामदैवत आहे, त्याला नैवेद्य लागतो. गोंधळाला एक साहेब जबाबदार आहे. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये वेताळाच्या कथा इंग्रजीत आणल्या, तेव्हा शीर्षकात वेताळाचा 'व्हॅम्पायर' केला. या बर्टनला ब्रॅम स्टोकर भेटला होता. बोलताना बर्टनचा वरचा ओठ उचलला जाई आणि सुळा चमके, असं स्टोकरने आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. यापुढचे धागे ज्याचे त्याने जोडावेत.

पालकांनी तेव्हा विरोध केला नाही का?

केला, पण भुतांना नव्हे. साखरेला. १९७० च्या जुलैमध्ये ग्राहकांच्या बाजूने लढणारे रॉबर्ट चोएट यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे ६० सीरियलची पोषणमूल्यं मांडली, आणि त्यातली ४० जवळजवळ पोकळ उष्मांक आहेत असं सांगितलं. मोठी खळबळ उडाली. त्याच गदारोळात, काही महिन्यांनी, चॉक्युला आणि फ्रँकन बेरी दुकानात येऊन उभे राहिले. धीट म्हणायचे. १९७८ मध्ये सरकारच्या व्यापार आयोगाने लहान मुलांसाठीच्या जाहिरातींवर बंधनं आणायचं ठरवलं, तर अमेरिकेच्या संसदेने १९८० मध्ये आयोगाचेच हात बांधले.

त्या गुलाबी शौचाच्या गोष्टीत तथ्य आहे?

आहे, आणि ती वैद्यकीय नियतकालिकात छापलेली आहे. जेवताना वाचत असाल तर पुढच्या प्रश्नावर जा.

सीरियल नवं असतानाच अमेरिकेत एका १२ वर्षांच्या मुलाला पोटातून रक्त जात असल्याच्या शंकेने रुग्णालयात ठेवलं. तपासण्या झाल्या, चार दिवस गेले, काहीच सापडेना. शौच मात्र स्ट्रॉबेरी आइस्क्रीमसारखं. अखेर कुणीतरी साधा प्रश्न विचारला, की खाल्लं काय होतं? फ्रँकन बेरी. खात्री करायला डॉक्टरांनी त्याला तिथेच चार वाडगे खायला घातले. दोन दिवस पुन्हा गुलाबी. १९७२ मध्ये 'पीडियाट्रिक्स'मध्ये हा प्रकार 'फ्रँकन बेरी स्टूल' याच नावाने आला, आणि तो निरुपद्रवी असल्याचंही लिहिलं गेलं. शरीरात न शोषला गेलेला लाल रंग सरळ बाहेर पडत होता, इतकंच. बीट खाल्ल्यावर आपल्यालाही हा धसका बसतोच.

त्यात वापरलेल्या रंगांपैकी लाल क्रमांक २ वर अमेरिकेने १९७६ मध्ये बंदी घातली, पण ती वेगळ्याच कारणाने, कर्करोगाच्या शंकेवरून. त्या मुलाचा तिच्याशी संबंध नाही.

१९८७ मध्ये खोकं का बदलावं लागलं?

त्या वर्षीच्या चॉक्युलाच्या एका खोक्यावर लुगोसीचं चित्र होतं. त्याच्या गळ्यातलं पदक सहा टोकांच्या ताऱ्यासारखं दिसत होतं, म्हणजे ज्यूंच्या डेव्हिडच्या ताऱ्यासारखं. रक्त पिणारा आणि गळ्यात तो तारा, ही जोडी युरोपात ज्यूंविरुद्ध शतकानुशतकं पसरवलेल्या, ते ख्रिश्चन मुलांचं रक्त काढतात या भयंकर अफवेची आठवण करून देणारी. हेतू तसा नव्हता, पदक मूळ चित्रपटातलंच होतं. आक्षेप आले आणि कंपनीने चित्र बदललं. जुनी खोकी आता संग्राहकांत फिरतात.

बाकीचे कोण होते?

फ्रूट ब्रूट हा लांडगामाणूस सत्तरच्या दशकाच्या मध्यात आला आणि ऐंशीच्या सुरुवातीला गेला. त्याचं नशीब मेल्यावर उघडलं. क्वेंटिन टॅरंटिनोने १९९४ च्या 'पल्प फिक्शन'मध्ये एका पात्राला तो बंद पडलेला सीरियल खाताना दाखवलं. ऐंशीच्या अखेरीस यमी ममी आली आणि १९९२ च्या सुमारास पुन्हा गुंडाळली गेली. २०१३ मध्ये पाचही जण पहिल्यांदा एकत्र विकायला आले.

२०२३ मध्ये कार्मेला क्रीपर आली. झोंबी, धंद्याने डीजे, चव कॅरमल लावलेल्या सफरचंदाची, आणि नात्याने फ्रँकन बेरीची लांबची बहीण. बावन्न वर्षांनी घरात पहिली बाई. कौतुक करावं की कपाळाला हात लावावा, मला ठरवता आलेलं नाही.

वर्षभर का मिळत नाहीत?

२०१० पासून कंपनी ते फक्त हॅलोविनच्या, म्हणजे भुताखेतांच्या सणाच्या, हंगामात काढते. ऑगस्ट-सप्टेंबरला दिसू लागतात, ३१ ऑक्टोबर उलटला की शोधत फिरावं लागतं. दिवाळी अंकासारखं आहे, वर्षात एकदाच येतं म्हणून लोक दोन-दोन घेऊन ठेवतात. २०१४ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सच्या एका बिअर बनवणाऱ्या कारखान्याने बिअरमध्ये घालायला म्हणून गावातला चॉक्युला इतका उचलला, की मुलांना मिळेना.

शाकाहारी आहे का?

नाही. न्यू जर्सीपासून बे एरियापर्यंतच्या मराठी घरांतून येणारा हा पहिला प्रश्न, आणि पुष्कळांना तो खोकं अर्धं संपल्यावर सुचतो. मार्शमॅलोत जिलेटिन असतं, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून करतात. अमेरिकेत आपल्यासारखा हिरवा ठिपका नाही, त्यामुळे घटकांची यादी वाचावी लागते. मार्बिट वेचून उरलेलं खाणारी मुलं मी पाहिली आहेत. नियमात ते बसतं का, हे घरातल्या ज्येष्ठांना विचारा.

रंग काढून टाकणार म्हणतात?

जून २०२५ मध्ये जनरल मिल्सने जाहीर केलं, की अमेरिकेतल्या आपल्या सगळ्या सीरियलमधून कृत्रिम रंग २०२६ च्या उन्हाळ्यापर्यंत काढू. चॉक्युलाला फारसा फरक पडणार नाही, कोकोचा रंग आहेच. भडक गुलाबी आणि निळ्यावर जगणाऱ्या फ्रँकन बेरी आणि बू बेरीचं काम मात्र अवघड आहे.

दूध गरम घालायचं की थंड?

थंड. फ्रीजमधलं. १९९४ मध्ये केलॉग्ज भारतात आली, तळोज्याला कारखाना घातला, आणि आपण सगळ्यांनी सवयीप्रमाणे कॉर्नफ्लेक्सवर उकळतं दूध ओतून त्याची लापशी केली. इथे तर मार्शमॅलो आहे, गरम दुधात तो विरघळून चिकट तवंग येतो. थंड दुधात चॉक्युला पाच मिनिटं ठेवा, तुकडे आधी संपवा. खाली उरलेलं तपकिरी दूध वाडगा तोंडाला लावून प्यायचं असतं.